चकत्यांची लढाई आणि तालुक्याचा बाजार

घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या चकत्यांचा इतिहास बहुधा बलाढ्य कंपन्यांच्या झुंजींच्या रूपाने सांगितला जातो. फिलिप्स आणि आरसीए, सोनी आणि तोशिबा अशा जोड्या त्यात समोरासमोर उभ्या राहतात आणि शेवटी एकीचा विजय व दुसरीची माघार नोंदली जाते. हा इतिहास खोटा नाही, परंतु तो टोकियो आणि लॉस एंजेलिस येथील बैठकांच्या दालनांतून पाहिलेला आहे. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावातून तोच काळ पाहू गेल्यास या झुंजींपैकी बहुतेकींचा तेथे मागमूसही लागत नाही. तेथे घराघरांत पोचली ती व्हिडिओ सीडी, म्हणजे तज्ज्ञांनी कनिष्ठ ठरवलेली आणि पाश्चात्त्य बाजारात जिला कोणी फारसे विचारले नाही अशी चकती. आणि तिला जी मोकळी जागा मिळाली, ती बलाढ्यांचे तह लांबल्यामुळे आणि त्यांच्या वस्तू बाजारात उशिरा व महाग आल्यामुळेच मिळाली.

या विषयात वारंवार येणारा फॉरमॅट हा शब्द एका कराराचे नाव आहे. चकतीवर चित्र आणि ध्वनी कोणत्या रीतीने नोंदवायचे, ते वाचणारे यंत्र कसे असावे आणि नक्कल रोखण्यासाठी कोणते कुलूप घालायचे, याविषयी यंत्रे बनवणाऱ्या आणि चित्रपट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये जो लिखित समझोता होतो, तो म्हणजे फॉरमॅट. या समझोत्यातील पेटंटांवर पुढे वर्षानुवर्षे स्वामित्वधन मिळत राहते. त्यामुळे प्रत्येक कंपनीला करार आपल्या अटींवर व्हावा असे वाटते, आणि तो होईपर्यंत कारखान्यात तयार असलेले यंत्रही दुकानात येऊ शकत नाही.

उशिराची किंमत किती मोठी असू शकते हे आरसीए या अमेरिकन कंपनीने सर्वांत आधी अनुभवले. तिने १९६४ च्या सुमारास अशा चकतीवर संशोधन सुरू केले, जिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे खाचा असतील आणि त्यांवरून फिरणारी सुई विद्युतधारकतेतील सूक्ष्म बदल टिपून चित्र उभे करील. संशोधनाच्या दिशा बदलत गेल्या, व्यवस्थापन बदलत गेले, आणि ही वस्तू प्रत्यक्ष विक्रीला आली ती मार्च १९८१ मध्ये. दरम्यान फिलिप्स आणि एमसीए यांनी लेसर किरणाने वाचली जाणारी चकती डिसेंबर १९७८ मध्ये अटलांटा शहरात विक्रीस आणली होती; तिचे चित्र उत्तम होते, परंतु चकत्या सदोष निघण्याचे प्रमाण मोठे असल्याने तीही अडखळतच चालली. मात्र या दोघींनाही मागे टाकले ते फितीने. सोनीची बीटामॅक्स फीत १९७५ मध्ये आणि जेव्हीसीची व्हीएचएस फीत १९७६ मध्ये आली होती, आणि फितीवर दूरचित्रवाणीचा कार्यक्रम घरीच मुद्रित करता येत असे, जे या दोन्ही चकत्यांना मुळीच जमत नव्हते. आरसीएने एप्रिल १९८४ मध्ये यंत्रांचे उत्पादन थांबवले तेव्हा तिचा तोटा सुमारे ५८ कोटी डॉलरवर गेला होता. चकती सत्तरच्या दशकाच्या आरंभी आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासकारांना आजही मोह घालतो. परंतु तेव्हा ती विश्वासाने चालण्याजोगी झालेलीच नव्हती, हेही विसरून चालत नाही.

भारतात या लढाईचे पडसाद जवळजवळ उमटलेच नाहीत. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ परदेशातून व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आले, आणि गावोगाव भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर दोन-तीन चित्रपट पाहण्याची पद्धत रूढ झाली. मराठवाड्यापुरता एक धागा मात्र येथे पकडून ठेवला पाहिजे. औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात रंगीत दूरचित्रवाणी संचांचे उत्पादन सुरू केले ते जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. पैठण रस्त्यावरील चितेगावचा तिचा कारखाना पुढे या भागातील औद्योगिक रोजगाराची मोठी खूण ठरला. तोशिबा हे नाव पुढच्या दोन्ही चकतीयुद्धांत पुन्हा येते.

व्हिडिओ सीडीचे तपशील १९९३ मध्ये सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी निश्चित केले. तिची कल्पना अगदी काटकसरीची होती. गाण्यांची कॉम्पॅक्ट डिस्क तशीच्या तशी घ्यायची, तिचा व्यास, जाडी किंवा लेसर काहीही बदलायचे नाही, आणि संगणकीय आकुंचनाच्या साहाय्याने, म्हणजे चित्रातील पुनरावृत्त होणारी माहिती गाळून, तेवढ्याच जागेत हलते चित्र बसवायचे. परिणामी एका चकतीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असे, चित्रातील बिंदूंची संख्या आडवी ३५२ आणि उभी २८८ एवढीच राही, आणि अडीच-तीन तासांच्या हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन चकत्या लागत. ज्यांच्या घरी फितीचे यंत्र आधीच होते, त्या अमेरिकन आणि युरोपीय ग्राहकांना हे चित्र फितीपेक्षा विशेष बरे वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय तिच्यावर घरी मुद्रण करता येत नव्हते, आणि हॉलिवूडच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष असा, की नक्कल रोखणारे कोणतेही कुलूप तिच्यात नव्हते.

हेच दोष आशियात गुण ठरले. चीनमधील हफेई शहरातील वान्यान या कंपनीने १९९३ मध्येच व्हिडिओ सीडीचे घरगुती यंत्र तयार केले आणि अमेरिकन सी-क्यूब कंपनीची चिप मिळू लागताच दक्षिण चीनमधील शेकडो लहान कारखान्यांनी तीच वाट धरली. फितीच्या यंत्रात फिरते शीर्ष, पट्टे, गिअर असे बारीक यांत्रिक भाग असत आणि त्यांची जुळणी जपानी कौशल्याची मक्तेदारी होती. व्हिडिओ सीडीच्या यंत्रात सीडी वाचणारा तयार भाग, एक-दोन चिपा आणि विद्युतपुरवठ्याचे पाकीट एवढेच असे. त्यामुळे किंमत वेगाने कोसळली. वान्यानला स्वतःला याचा लाभ झाला नाही, नक्कल करणाऱ्यांच्या गर्दीत ती मागे पडली. परंतु नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत चीन आणि आग्नेय आशियात ही चकती सर्वमान्य झाली होती, आणि तेथून ती भारतात आली.

नेमक्या याच वर्षांत मोठ्या कंपन्या पुढच्या चकतीवरून भांडत होत्या. सोनी आणि फिलिप्स यांनी डिसेंबर १९९४ मध्ये आपला फॉरमॅट जाहीर केला, तर तोशिबा, टाइम वॉर्नर, मात्सुशिता आदींच्या गटाने जानेवारी १९९५ मध्ये वेगळा फॉरमॅट पुढे केला. पहिल्यात एकसंध चकतीवर सुमारे ३.७ गिगाबाइट माहिती मावणार होती; दुसऱ्यात ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून ५ गिगाबाइट. फितींच्या युद्धाची पुनरावृत्ती होणार असे दिसताच आयबीएम, ॲपल, मायक्रोसॉफ्ट आदी संगणक कंपन्यांनी दोघांनाही बजावले, की एकमत होईपर्यंत यांपैकी कोणतीही चकती आम्ही स्वीकारणार नाही. या दडपणाखाली सप्टेंबर १९९५ मध्ये तह झाला. चकतीची बांधणी तोशिबा गटाची आणि माहिती मांडण्याची सांकेतिक पद्धत सोनी-फिलिप्सची, अशी तोड निघाली, आणि क्षमता ठरली ४.७ गिगाबाइट. डीव्हीडी या नावाने ओळखली जाणारी चकती ती हीच.

तह झाला तरी वस्तू आली नाही. १९९६ मध्ये यंत्रे कारखान्यांत तयार होती, परंतु हॉलिवूडला नक्कलप्रतिबंधक कुलूप हवे होते, संगणक कंपन्यांना त्या कुलपाची कायदेशीर सक्ती आपल्या यंत्रांवर नको होती, आणि या वादात महिने गेले. शेवटी जपानमध्ये १ नोव्हेंबर १९९६ रोजी मोजक्याच चित्रपटांसह विक्री सुरू झाली, आणि अमेरिकेत नाताळचा हंगाम हुकून मार्च १९९७ उजाडला. ज्या कुलपासाठी एवढा विलंब सोसला, ते एका नॉर्वेजियन तरुणाचा हात लागलेल्या छोट्याशा संगणकीय कार्यक्रमाने १९९९ मध्ये उघडले गेले. शिवाय जगाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला क्रमांक देण्यात आला होता, जेणेकरून एका विभागातील चकती दुसऱ्या विभागातील यंत्रावर चालू नये आणि चित्रपट वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी प्रदर्शित करण्याची सोय राहावी. भारत पाचव्या विभागात होता. उशीर हा येथे योजनेचाच भाग बनला होता, असे म्हणण्यास हरकत नाही. हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी हा विभागक्रमांक बहुधा वापरलाच नाही, कारण त्यांच्या डीव्हीडीचे पहिले मोठे गिऱ्हाईक परदेशस्थ भारतीय कुटुंबे होती आणि ती अनेक विभागांत विखुरलेली होती.

पाथरीला स्वतःचे रेल्वेस्थानक नाही; जवळचे स्थानक मानवत रोड, आणि गावातून जातो तो कल्याणहून नगर, माजलगाव, परभणी, नांदेड करीत निर्मलकडे जाणारा महामार्ग. अशा गावाच्या बाजारपेठेत वस्तू येते ती मोठ्या शहरांतील ठोक व्यापाऱ्यांच्या हातून, आणि त्यांनी निवडलेलीच येते. कोणता फॉरमॅट श्रेष्ठ याविषयीच्या परीक्षणांना तेथे अर्थ नव्हता. यंत्र कितीला पडते, बिघडल्यास गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा ते उघडू शकतो काय, आणि चकती भाड्याने मिळते काय, या तीन प्रश्नांवर निवड होई. चिनी बनावटीचे सीडी प्लेअर या तिन्ही कसोट्यांवर उतरले. लेसरचे भिंग, ज्याला कारागीर नुसते लेन्स म्हणत, पुसून किंवा बदलून ते पुन्हा चालू करता येई, आणि खराब विद्युतदाबात, लोडशेडिंगच्या मधल्या दोन तासांतही ते तग धरी. ओरखड्यांमुळे चित्राचे चौकोन पडत, गाणे मध्येच अडके, तेव्हा चकती धोतराच्या किंवा ओढणीच्या टोकाने पुसून पुन्हा घातली जाई; फीत यंत्रात गुंतून तुटण्यापेक्षा हे बरेच होते.

व्हिडिओ सीडीने मराठी भाषकांना जे दिले, त्याची नोंद चित्रपटांच्या हिशेबात होत नाही. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांचे दौरे मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत क्वचितच पोचत. या चकत्यांमुळे तीच नाटके घरातील संचावर दिसू लागली. त्यांच्या बरोबरीने कीर्तने, भारुडे, भीमगीते, कव्वाल्या आणि लोकगीते यांच्या चकत्या निघाल्या. एका दिवसात चित्रण करायचे, संगणकावर जोडायचे आणि काही हजार प्रती काढून यात्रेत विकायच्या, हा व्यवहार केवळ याच फॉरमॅटमध्ये परवडण्यासारखा होता, कारण चकती छापण्याचा खर्च नगण्य होता. श्रेष्ठ चित्राची डीव्हीडी वेळेवर आणि स्वस्त आली असती, तर हा छोटा उद्योग उभा राहिला असता की नाही, याची शंका घ्यायला जागा आहे.

चोरीचा प्रश्नही उशिरातूनच जोपासला गेला. चित्रपट चित्रगृहात लागणे आणि त्याची अधिकृत चकती बाजारात येणे यांत निर्माते मुद्दाम अंतर ठेवत, कारण चकती लवकर आली तर चित्रगृहाचे उत्पन्न घटते. या अंतरात चोरट्या प्रतींचा धंदा फोफावला, आणि अनेक गावांत केबलवाले त्याच प्रती आपल्या वाहिनीवर लावत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींच्या विरुद्ध असलेल्या १९८१ च्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चोरांचाही त्यात समावेश केला. चकतीची नक्कल करणाऱ्याला हातभट्टीवाल्याच्या पंगतीत बसवणारी ही दुरुस्ती आली, तेव्हा तो धंदा मुळात उतरणीला लागला होता. कायद्यालाही उशीर होतो तो असा.

किमतीच्या बाजूने याच प्रश्नाला भिडण्याचा प्रयत्न मोझर बेअर या भारतीय कंपनीने केला. दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी कोऱ्या चकत्या बनवणाऱ्या जगातील अग्रगण्य कंपन्यांपैकी एक होती. २००६-०७ मध्ये तिने चित्रपटांचे घरगुती हक्क मोठ्या प्रमाणावर विकत घेऊन व्हिडिओ सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. तोपर्यंत अधिकृत प्रत घेणे हे मध्यमवर्गालाही चैनीचे वाटे. आता ती चोरट्या प्रतीच्याच भावाने किराणा दुकानातही टांगलेली दिसू लागली. दोन फॉरमॅटमधील अंतर अवघ्या सहा रुपयांवर आल्यामुळे व्हिडिओ सीडी मागे पडणे अपरिहार्य झाले. म्हणजे जपानमधील पहिल्या विक्रीनंतर दहा वर्षांनी डीव्हीडी खऱ्या अर्थाने भारतातील लहान गावांत उतरली. तिच्याबरोबर आलेल्या स्वस्त यंत्रांवर डिव्हएक्स अशी अक्षरे छापलेली असत, आणि त्यामुळे एकाच चकतीत पाच-सहा चित्रपट दाबून भरलेल्या चोरट्या प्रतीही चालत. या नावाचा पूर्वेतिहास गमतीचा आहे. सर्किट सिटी या अमेरिकन दुकानसाखळीने १९९८ मध्ये त्याच नावाची, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासांनी निकामी होणारी आणि दूरध्वनीवरून पैसे भरून पुन्हा जिवंत करावी लागणारी चकती आणली होती. ग्राहकांनी ती झिडकारल्याने जून १९९९ मध्ये ती बंद पडली, आणि पुढे नक्कलबहाद्दरांनी तिचेच नाव टिंगलीने आपल्या आकुंचनतंत्राला दिले.

यानंतरची लढाई ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची. तिचा वृत्तान्त इंग्रजी नियतकालिकांत भरभरून आला असला, तरी मराठवाड्याच्या दृष्टीने तो थोडक्यात सांगण्याजोगाच आहे. लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितका त्याचा ठिपका लहान आणि तितकी माहिती दाट लिहिता येते. सीडीसाठी ती ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५० आणि या दोन्ही नव्या चकत्यांसाठी ४०५ नॅनोमीटर होती, जिथे नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोनी आदींच्या ब्ल्यू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागाच्या अवघ्या ०.१ मिलिमीटर खाली असल्याने एका थरात २५ गिगाबाइट मावत. तोशिबाच्या एचडी डीव्हीडीत १५ गिगाबाइट, परंतु ती जुन्याच यंत्रसामग्रीवर स्वस्तात छापता येई. २००५ मधील एकीकरणाची बोलणी फिसकटली, नव्या कुलपाचे नियम वेळेवर ठरले नाहीत, आणि दोघांच्याही तारखा घसरल्या. एचडी डीव्हीडी मार्च-एप्रिल २००६ मध्ये आणि ब्ल्यू-रे त्याच वर्षी जूनमध्ये आली; निळ्या लेसरचे उत्पादन पुरेसे नसल्याने सोनीचे प्लेस्टेशन ३ वसंतऋतूऐवजी नोव्हेंबरमध्ये, आणि युरोपात तर मार्च २००७ मध्ये पोचले. तरी त्याच यंत्रामुळे ब्ल्यू-रे लाखो घरांत शिरली, जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर कंपनी तिच्या बाजूला गेली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली. या चकत्यांचे सौंदर्य दिसण्यासाठी जो उच्च स्पष्टतेचा संच लागतो, तो त्या वेळी तालुक्याच्या गावांत जवळजवळ नव्हताच.

व्हिडिओकॉनने मात्र या सुमारास उलट्या दिशेने पैज लावली होती. फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा काचेच्या चित्रनळ्यांचा व्यवसाय, म्हणजे इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधील कारखाने, तिने २००५ मध्ये विकत घेतला, तो सपाट पडद्यांनी त्या नळ्यांचा शेवट जवळ आणला असताना. भारतासारख्या देशांत जुन्या तंत्राला दीर्घ आयुष्य लाभते, हा त्यामागचा हिशेब असावा, आणि व्हिडिओ सीडीच्या अनुभवाने तो चुकीचाही वाटत नव्हता. परंतु पडद्यांच्या किमती कोणाच्याही अंदाजापेक्षा लवकर उतरल्या. पुढे २०१८ मध्ये कंपनी कर्जबाजारीपणाच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली, अर्थात त्याला दूरसंचारासह इतरही व्यवसायांतील मोठी कर्जे कारण होती. त्याच वर्षी मोझर बेअरच्याही अवसायनाचा आदेश निघाला.

पाथरीसारख्या गावांत डीव्हीडीची जागा ब्ल्यू-रेने घेतलीच नाही. ती घेतली मोबाइलच्या मेमरी कार्डाने. मोबाइलच्या दुकानात काही रुपये दिले की दुकानदार संगणकावरून नखाएवढ्या कार्डात गाणी आणि चित्रपट भरून देई. त्यासाठी ना टीव्ही लागे, ना वीज असण्याची वाट पाहावी लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल इंटरनेट सेवा सुरू झाल्यावर ही भरून देण्याची दुकानदारीही ओसरली.

चकती टिकून राहिली ती लग्नाच्या चित्रणात. फितीवरची लग्नाची कॅसेट चकतीवर उतरवून घेण्याचे आणि नव्या लग्नाची डीव्हीडी अल्बमबरोबर देण्याचे काम फोटो स्टुडिओंनी दीर्घकाळ केले, आणि याही क्षेत्रात डीव्हीडी-आर व डीव्हीडी प्लस आर असे दोन प्रतिस्पर्धी फॉरमॅट होतेच; दोन्ही चालवणारी यंत्रे आल्यावर त्यांचा वाद आपोआप विझला. परंतु स्टुडिओत लिहिलेली चकती आणि कारखान्यात छापलेली चकती यांत मूलभूत फरक आहे. छापील चकतीत माहिती खळग्यांच्या रूपाने प्लॅस्टिकमध्येच उमटलेली असते, तर लिहिलेल्या चकतीत ती सेंद्रिय रंगाच्या पातळ थरात लेसरने भाजलेली असते, आणि उष्णता, दमटपणा व सूर्यप्रकाश यांनी तो रंग हळूहळू फिका पडतो. परभणी जिल्ह्याचा उन्हाळा चाळीस अंश सेल्सियसच्या बराच वर जातो आणि पत्र्याच्या छताखालील कपाटात तो आणखी तापतो. अशा घरांतील वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या चकत्या जेथे अजून वाचता येतात, तेथे त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेण्यासाठी चकती वाचणारा भाग असलेला जुना संगणक शोधावा लागतो, कारण नव्या लॅपटॉपमधून तो भाग नाहीसा झाला आहे.